आयटीआय, तंत्रनिकेतन की पदवी? दहावी-बारावीनंतर वाट निवडताना नाशिकच्या विद्यार्थी-पालकांसाठी

निकाल लागला की घरात पहिला प्रश्न येतो तो "टक्के किती पडले?" हा, आणि पुढचे सगळे त्या एका आकड्यावरून ठरते. भरपूर टक्के असतील तर इंजिनिअरिंग किंवा मेडिकल, मध्यम असतील तर बीएस्सी-बीकॉम, आणि काहीच जमले नाही तर आयटीआय, अशी उतरंड आपण मनात पक्की करून ठेवली आहे. या उतरंडीमुळे मुलांचे फार नुकसान होते, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. ज्या मुलाचा हात यंत्रावर सहज बसतो, त्याला केवळ गुण चांगले आहेत म्हणून नको असलेल्या पदवीला घातले जाते, आणि अभ्यासाची मनापासून ओढ असलेल्या मुलीला चार टक्के कमी पडले म्हणून घरी बसवले जाते. प्रवेश कुठे मिळू शकेल, एवढेच टक्क्यांवरून कळते. म्हणून ते शेवटी पाहावेत. रोज कोणते काम करायला आवडेल आणि निवडलेल्या वाटेवर पुढची कोणती दारे उघडी राहतील, हे दोन प्रश्न त्याआधीचे आहेत. ज्या घरातून कॉलेजात जाणारे हे पहिलेच मूल आहे आणि विचारायला जवळ कोणी नाही, ते घर डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे.

पहिली पायरी: तिन्ही वाटा नीट ओळखाव्यात

आयटीआय म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था. नाशिकची शासकीय आयटीआय सातपूरला, त्र्यंबक रस्त्यावर, औद्योगिक वसाहतीला लागूनच आहे. तालुक्यांच्या ठिकाणीही शासकीय आयटीआय आहेत. इथे जो 'व्यवसाय' शिकवतात त्याला सगळे ट्रेड म्हणतात: जोडारी म्हणजे फिटर, कातारी म्हणजे टर्नर, वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन, संधाता म्हणजे वेल्डर. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे, तर वेल्डर आणि संगणक चालवण्याचा 'कोपा' हे एक वर्षाचे असतात. बहुतेक ट्रेडना दहावी उत्तीर्ण लागते, काहींना दहावी अनुत्तीर्ण विद्यार्थीही घेतात. दिवसाचा मोठा भाग वर्कशॉपमध्ये जातो आणि शेवटी अखिल भारतीय परीक्षा देऊन राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते, जे देशभर चालते.

तंत्रनिकेतन म्हणजे पॉलिटेक्निक. दहावीला किमान 35 टक्के असले की तीन वर्षांच्या डिप्लोमाला अर्ज करता येतो. बारावी विज्ञान किंवा दोन वर्षांची आयटीआय झालेल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि ही गोष्ट अनेक पालकांना माहीतच नसते. शासकीय तंत्रनिकेतन नाशिकरोडच्या सामनगाव रस्त्यावर आहे, के. के. वाघ आणि मराठा विद्या प्रसारक समाज यांसारख्या संस्थांचीही तंत्रनिकेतने शहरात आहेत. परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते.

तिसरी वाट पदवीची, आणि इथे नवख्या घराचा हमखास गोंधळ होतो, कारण कॉलेज आणि विद्यापीठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉलेज रोडवरचे 1924 पासूनचे एचपीटी कला व आरवायके विज्ञान महाविद्यालय असो, बीवायके वाणिज्य असो की गंगापूर रोडचे केटीएचएम, शिकवणारे कॉलेज नाशिकचे असले तरी ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असते आणि पदवी विद्यापीठाच्या नावाची मिळते. नाशिकमध्ये मुख्यालय असलेली दोन राज्यस्तरीय विद्यापीठे आहेत, पण त्यांचे काम निराळे आहे. म्हसरूळचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ हे मुख्यतः राज्यभरातल्या वैद्यकीय, आयुर्वेद, नर्सिंग अशा महाविद्यालयांना संलग्नता देणारे आणि त्यांच्या परीक्षा घेणारे विद्यापीठ आहे. "विद्यापीठ इथेच आहे, म्हणजे मुलीला इथेच एमबीबीएसला घालू" असा विचार करून तिथे चौकशीला जाण्यात अर्थ नाही. गंगापूर धरणाच्या बाजूचे, 1989 मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हे काम करता करता शिकणाऱ्यांसाठी आहे, आणि त्याचा उपयोग पुढे येईलच. खासगी विद्यापीठे हा आणखी वेगळा प्रकार. ती स्वतःची पदवी स्वतः देतात, म्हणून त्यांचे शुल्क आणि तिथे शासकीय शिष्यवृत्ती लागू आहे की नाही, हे स्वतंत्रपणे विचारावे.

दुसरी पायरी: अभ्यासक्रमाआधी काम पाहावे

माझा भाचा बारावी विज्ञानाला होता तेव्हा त्याला यंत्रांचे वेड होते आणि आयटीआयला मशिनिस्ट व्हायचे त्याने ठरवून टाकले होते. आम्ही त्याला ओळखीच्या एका लहान कारखान्यात, अंबडला, सलग तीन दिवस बसवले. यंत्रांचा आवाज, कूलंटचा वास, आठ तास उभे राहणे, रात्रपाळीहून आलेल्या कामगारांचे डोळे, हे सगळे त्याने पाहिले आणि तिसऱ्या दिवशी घरी येऊन सांगितले, की यंत्रापेक्षा त्याला त्यावर चढणाऱ्या जॉबचे, म्हणजे घडवल्या जाणाऱ्या भागाचे, ड्रॉइंग जास्त आवडले. तो मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला गेला आणि आज आनंदाने डिझाइनचे काम करतो. त्याच कारखान्यात त्याच्याच वयाचा, आयटीआय झालेला मुलगा मायक्रोमीटरने जॉब मोजताना इतका रमलेला होता, की त्याला टेबलाशी बसवले असते तर तो कोमेजला असता. दोघांचेही बरोबर होते.

म्हणून सुटीत किमान दोन ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन यावे. नाशिकला ही सोय फार चांगली आहे, कारण सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, दिंडोरी अशा औद्योगिक वसाहतींनी शहर वेढलेले आहे, ओझरला विमाने बनवणारी हिंदुस्थान एरोनॉटिक्स आहे, नाशिकरोडला नोटांचा आणि सुरक्षा मुद्रणाचा छापखाना आहे. प्रत्येक मोठ्या कारखान्याच्या मागे त्याला सुटे भाग पुरवणारे कितीतरी छोटे उद्योग असतात, आणि तिथे ओळखीने शब्द टाकला तर एखाद्या मुलाला दोन दिवस उभे राहून पाहू देतात. मुलीला नर्सिंगचा विचार करायचा असेल तर रुग्णालयातल्या एखाद्या परिचारिकेशी तिच्या पाळीबद्दल बोलावे. त्याच क्षेत्रात दोन वर्षांची एएनएम, तीन वर्षांची जीएनएम आणि चार वर्षांची बीएस्सी नर्सिंग अशा तीन पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीचे काम व बढती वेगळी आहे. शिकवणे, कायदा, बँक, हिशेब, शासकीय सेवा यांकडे ओढा असेल तर बहुतेक वेळा पदवी लागते, हेही याच वेळी स्पष्ट करून घ्यावे.

तिसरी पायरी: पुढची दारे मोजावीत

सर्वांत जास्त वेळ या पायरीवर द्यावा, कारण "आयटीआयला घातले म्हणजे पोराचे शिक्षण संपले" हा समज इथेच खोटा ठरतो. हिशेब साधा आहे. दहावीनंतर अकरावी-बारावीची दोन वर्षे आणि इंजिनिअरिंगची चार, अशी एकूण सहा वर्षे होतात. दहावीनंतर डिप्लोमाची तीन वर्षे करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेले तर पुढची तीन, म्हणजे एकूण पुन्हा सहाच. आणि दहावीनंतर आयटीआयची दोन, डिप्लोमाची दुसऱ्या वर्षापासूनची दोन आणि पदवीची तीन धरली तर सात वर्षे होतात. फरक फक्त एका वर्षाचा आहे, आणि त्या बदल्यात हातात तीन प्रमाणपत्रे असतात, ज्यांपैकी कोणत्याही टप्प्यावर घरची अडचण आली तर थांबून कमावता येते. शेतीवर चालणाऱ्या घरात ज्या वर्षी द्राक्षबाग गारपिटीने झोपते किंवा कांद्याला भाव मिळत नाही, त्या वर्षी मुलाला शिक्षण थांबवावे लागले तरी तो रिकाम्या हाताने परत येत नाही, याचे मोल फार मोठे आहे.

या वाटेत खरी अडचण गणिताची येते. डिप्लोमातून इंजिनिअरिंगला जाण्यासाठी खुल्या प्रवर्गाला किमान 45 आणि राखीव प्रवर्गाला 40 टक्के लागतात. ते मिळतात, पण दुसऱ्या वर्षाचे गणित बारावी करून आलेल्या मुलांच्या बरोबरीने सोडवावे लागते आणि आयटीआयमधून आलेल्या मुलाला ते जड जाते. ज्याला पुढे शिकायचे आहे त्याने आयटीआयच्या दोन वर्षांत गणिताचा सराव सुटू देऊ नये; संध्याकाळचा एक तास पुरतो.

काही दारे मात्र बंद होतात आणि ती आधीच माहीत हवीत. दहावीनंतर डिप्लोमाला गेल्यावर हातात बारावीचे प्रमाणपत्र नसते, त्यामुळे मेडिकलसाठीची नीट किंवा सैन्यदलातील अधिकाऱ्यांसाठीची एनडीए परीक्षा देता येत नाही. यांपैकी एखादे स्वप्न असेल तर अकरावी विज्ञान हाच मार्ग. आयटीआयवाल्यांच्या बाबतीतही एक बारकावा आहे: महावितरणच्या विद्युत सहायकासारख्या पदांना इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनच्या प्रमाणपत्राबरोबर बारावीही मागितलेली असते. यासाठी राज्य मंडळाची समकक्षतेची सोय आहे. दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय केलेल्या विद्यार्थ्याला भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावी समकक्ष होता येते. आयटीआयला प्रवेश घेतानाच निदेशकांना, म्हणजे तिथल्या शिक्षकांना, याबद्दल विचारावे, कारण नंतर नोकरीच्या धावपळीत ते राहून जाते. बारावी समकक्ष झालेला तरुण पाळीवर काम करीत मुक्त विद्यापीठातून बीए किंवा बीकॉम करू शकतो, आणि ती पदवी राज्य लोकसेवा आयोगाच्या किंवा संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला चालते.

आयटीआयनंतरचे एक वर्ष शिकाऊ उमेदवारीचे, म्हणजे अप्रेंटिसशिपचे, असते असेच समजून चालावे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने मोठ्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, त्यांना विद्यावेतन मिळते आणि शेवटी वेगळे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. ओझरची हिंदुस्थान एरोनॉटिक्स आयटीआय, डिप्लोमा आणि पदवी अशा तिन्ही प्रकारच्या शिकाऊ उमेदवारांसाठी अर्ज मागवते. शिकाऊ उमेदवारी म्हणजे कायम नोकरीची हमी नव्हे, पण अनुभवाचा तो कागद पुढच्या मुलाखतीत सर्वांत आधी पाहिला जातो.

पदवीच्या वाटेवरही आता टप्पे आले आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार एक वर्ष पूर्ण केल्यावर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चौथ्या वर्षानंतर ऑनर्स पदवी अशी रचना आहे. मात्र पहिल्या वर्षाचे प्रमाणपत्र दाखवून लगेच काम मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. मध्येच थांबावे लागल्यास मिळवलेले श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, वाया जात नाहीत, एवढाच त्याचा खरा उपयोग आहे. स्पर्धा परीक्षा, बीएड, एलएलबी, एमएस्सी अशी काहीतरी पुढची पायरी डोळ्यांसमोर असेल तर साधी बीए किंवा बीएस्सी उत्तम आहे. केवळ नावापुढे पदवी हवी म्हणून घेतलेली तीन वर्षे मात्र मला अनेक मुलांच्या बाबतीत हळहळ लावून गेली आहेत.

चौथी पायरी: खर्च आणि अंतर

शासकीय आयटीआय आणि शासकीय तंत्रनिकेतन यांचे शुल्क खासगी संस्थांच्या मानाने फारच कमी असते. पण सुरगाणा, पेठ, कळवण किंवा येवल्याहून येणाऱ्या घराला शुल्कापेक्षा खोलीभाडे आणि मेस जड जाते, आणि बजेट मांडताना नेमका हाच खर्च विसरला जातो. रोज ये-जा जमण्यासारखी असेल तर एसटीच्या विद्यार्थी पासावर 66.67 टक्के सवलत आहे. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी शासकीय आदिवासी वसतिगृहे आहेत, आणि तिथे जागा न मिळाल्यास जेवण व निवासाचा खर्च थेट बँक खात्यात देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. त्यासाठी नाशिक किंवा कळवणच्या प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी.

बहुतेक शिष्यवृत्त्यांचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करावा लागतो. आर्थिकदृष्ट्या मागास घरातील मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे आणि तिची उत्पन्नमर्यादा आठ लाख रुपये आहे. याच मर्यादेत बसणाऱ्या, आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. मुलीला डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला घालण्याबाबत घरात अजून कुरकुर होत असेल, तर ही एक माहिती वडीलधाऱ्यांसमोर अवश्य ठेवावी. मात्र या सवलती केंद्रीभूत प्रवेश फेरीतून, म्हणजे कॅपमधून, मिळालेल्या जागेला लागू होतात. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की त्या हातच्या जातात.

पाचवी पायरी: कागद आधी

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला, यांतले जे लागू असतील ते निकालाची वाट न पाहता काढावेत, कारण जूनमध्ये सेवा केंद्रांवर झुंबड उडते. जात वैधतेला सर्वांत जास्त वेळ लागतो. तिचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करून ठेवावा. आधार, गुणपत्रिका आणि बँक खाते यांवर नावाचे स्पेलिंग एकच आहे का, हेही तपासावे. एका अक्षराच्या फरकाने शिष्यवृत्ती अडकलेली मी पाहिली आहे.

सहावी पायरी: संस्था स्वतः पाहून यावी

प्रवेशाच्या दिवसांत नव्हे, तर वर्ष चालू असताना, आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास जावे. वर्कशॉपमध्ये यंत्रांवर तेल दिसते की धूळ, एका लेथभोवती किती मुले उभी आहेत, वर्ग भरलेले आहेत की मुले गेटवर आहेत, हे डोळ्यांना लगेच कळते. बाहेर येणाऱ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावे, की प्रात्यक्षिक खरेच होते का आणि शिक्षक वर्षभर तेच राहतात का. "100 टक्के प्लेसमेंट" असा फलक असेल तर कंपन्यांची नावे, मिळालेला पगार आणि त्यांतले किती जण वर्षभरानंतरही त्या नोकरीत आहेत, हे नम्रपणे पण आग्रहाने विचारावे; उत्तर टाळले गेले तर तेच उत्तर समजावे.

मान्यतेची खात्री तर कोणाच्याही तोंडी आश्वासनावर सोडू नये. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने रुग्णालयातील तंत्रज्ञाचा म्हणून एक अभ्यासक्रम केला, दोन वर्षांचे पैसे भरले, आणि नोकरीच्या अर्जाच्या वेळी कळले की त्या प्रमाणपत्राला कोणत्याही मंडळाची किंवा परिषदेची मान्यता नव्हती. तिच्या वडिलांनी बैलजोडी विकून शुल्क भरले होते. आयटीआय असेल तर तो विशिष्ट ट्रेड संलग्न आहे का, डिप्लोमा असेल तर संस्था तंत्रशिक्षण मंडळाच्या यादीत आहे का, पदवी असेल तर कोणत्या विद्यापीठाची, आणि नर्सिंग किंवा फार्मसी असेल तर संबंधित परिषदेची मान्यता आहे का, हे त्या त्या शासकीय संकेतस्थळावर स्वतः पाहावे किंवा शाळेतल्या शिक्षकांना पाहायला सांगावे.

सातवी पायरी: अर्ज

आयटीआय, डिप्लोमा, अकरावी आणि पदवी यांच्या प्रवेशप्रक्रिया वेगवेगळ्या पोर्टलवर, जवळपास एकाच काळात चालतात. एकाच ठिकाणी अर्ज भरून निश्चिंत बसू नये. दोन वाटांचे अर्ज जरूर भरावेत. इंजिनिअरिंग, फार्मसी किंवा कृषी पदवीसाठी लागणाऱ्या एमएचटी-सीईटीचा अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरायचा असतो, आणि त्या परीक्षेत मिळतो तो पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातले किती जण आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुणांचे आहेत याचा आकडा, टक्के नव्हेत. बीबीए आणि बीसीएसाठीही आता राज्याची सीईटी आहे, तेव्हा कॉलेजला आधी विचारून घ्यावे.

पसंतीक्रम भरताना मित्रांची यादी उतरवून घेऊ नये. जे सर्वांत जास्त हवे ते पहिल्या क्रमांकावर, मग तिथला गेल्या वर्षीचा कटऑफ, म्हणजे शेवटचा प्रवेश मिळालेले गुण, आपल्या गुणांच्या थोडा वर असला तरी चालेल. त्याने खालच्या पसंतीला धक्का लागत नाही. पण पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप निश्चित होते आणि पुढच्या फेरीत बदलता येत नाही, म्हणून नको असलेले कॉलेज केवळ नावासाठी पहिल्या क्रमांकावर टाकू नये. अर्ज सायबर कॅफेत भरला तरी लॉगिन आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहावा आणि मोबाइल क्रमांक घरातलाच द्यावा, कारण जागा मिळाल्याचा संदेश त्याच क्रमांकावर येतो आणि हजर राहायला मोजकेच दिवस मिळतात.

प्रवेश झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत वाट चुकली असे वाटले, तर लाजून गप्प बसू नये. प्रवेश रद्द करण्याची अंतिम तारीख दिलेली असते आणि त्याआधी अर्ज केल्यास नियमानुसार शुल्क परत मिळते, म्हणून ती तारीख प्रवेशाच्या दिवशीच लिहून ठेवावी. शाळा सोडल्याचा मूळ दाखला देण्यापूर्वी त्याच्या आणि गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रतींचे दोन संच घरी ठेवावेत, आणि जमा केलेल्या प्रत्येक मूळ कागदाची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.